कोड न्हाई आला

फोटोत सविता होती, नाही असं नाही. पुढं धाकटी जाऊ स्नेहल हिरवी साडी नेसून, हातात रोपांची मूठ धरून हसत उभी होती. तिच्या मागं चिखलात ओणवी झालेली, गुडघ्यापर्यंत साडी खोचलेली, तोंड न दिसणारी जी बाई होती, ती सविता. फोटोखाली पुण्याच्या बायांनी लाल बदामांचा सडा घातला होता. ‘किती गोड!’ असं एकीनं लिहिलं होतं. ते कुणाबद्दल लिहिलंय हे सविताला कुणी सांगायची गरज नव्हती.

पेजचं नाव होतं ‘स्नेहलचा इंद्रायणी’. पूर्वी घरचा तांदूळ कामशेतला व्यापाऱ्याकडं जायचा. स्नेहल सुदुंबऱ्याहून लग्न होऊन आली, तिनं फोनवर हे पेज काढलं, आणि लोणावळ्याचे बंगलेवाले, पुण्याच्या बाया तिच्याकडं तांदूळ मागायला लागल्या. घरात सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. सासू नंदाबाई, सुनांची आत्या, येईल त्याला सांगायची, “आमच्या धाकलीनं तांदूळ पुण्यात न्हेला.” तांदूळ मुळात आला कुठून, हे सांगायचं तिला सुचायचं नाही.

रोपांसाठी राब भाजण्यापासून कणगी भरेपर्यंत या घरचं भात सविताच्या कमरेवर चाललं होतं. तिचा नवरा संदेश लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होता, दीर सत्यम नवलाख उंबऱ्याला कंपनीत. शेत बाईच्याच अंगावर. एवढं करून फोटोत तिच्या वाट्याला आली ती पाठ. तिच्या पोटात दुखायचं. साध्या भाषेत सांगायचं तर ती जळायची, आणि आपण जळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यात गंमत अशी, की त्या पेजचा नंबर होता सविताचा. स्नेहल नवी नवरी असताना तिच्या फोनमधलं कार्ड तिच्या भावाच्या नावावर होतं, ते परत द्यायचं होतं. मग पेज काढताना तिनं मोठ्या जावेचा नंबर टाकून दिला. पुढं तिचं स्वतःचं कार्ड आलं, पण नंबर बदलायचा राहून गेला. चालतंय तर कशाला हात लावा, अशातली गत.

त्यामुळं कधी सत्यमच्या लॅपटॉपवर पेज उघडायचं झालं, कधी नवा फोन आला, की कोड यायचा तो सविताच्या फोनवर. सविता असायची खाचरात. घर आणि खाचर यांच्यात एका बांधाचं अंतर. तेवढ्यासाठी कोण फोन लावतंय? स्नेहल ओट्यावर येऊन हाक मारायची, “ताई, कोड आला का बघा!” मग सविता चिखलाचे हात पदराला पुसायची, कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी सोडायची, फोन काढायची आणि रानडुकरं हाकायच्या आवाजात आकडे ओरडायची. शेजारच्या खाचरातली रतन ते ऐकायची, पलीकडच्या माळावरचे गुराखी ऐकायचे. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. घरात कोयता कुठं ठेवलाय हे जसं ओरडून सांगतात, तसंच ते होतं.

भादवा सरला, भात पोटऱ्यातून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं, तेव्हा बचत गटाच्या बायांना शाळेच्या वर्गात बोलावणं आलं. तळेगावहून प्रेरणा नावाची मुलगी आली होती. फोनवरची खाती कशी सांभाळायची, हे शिकवायला. स्नेहल गेली नाही. “मला येतं ते सगळं,” म्हणाली. सविता गेली.

प्रेरणा चांगलं सांगत होती. “फोनवर आलेला कोड म्हणजे तुमच्या घराची किल्ली. तो कुणालाच सांगायचा नाही. नवऱ्याला पण नाही.”

बाया खिदळल्या. रतन म्हणाली, “मंग ही सविता बगा की! ही तर सगळ्या शिवाराला वरडून सांगती. आमच्या म्हशीला बी पाठ झालाय हिचा कोड!”

सगळा वर्ग हसला. सविताही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसू थांबल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, पेज एकीचं आन नंबर दुसरीचा असंल तर?”

“तर ते पेज नंबरवालीच्या हातात आहे असं समजा,” प्रेरणा म्हणाली. “तिनं मनात आणलं तर पासवर्ड बदलून ती उद्या मालकीण होईल. असं कुणाचं असेल तर आजच नंबर बदलून घ्या.”

शेवटचं वाक्य सविताच्या कानावरून गेलं. पहिलं तेवढं तिनं पदरात बांधून घरी आणलं.

कापणी सुरू झाली. रतनचं घर आणि यांचं घर यांची सावड होती. आज सगळ्यांचे विळे यांच्या खाचरात, उद्या तिच्या. दुपारी भाकरी खाऊन बाया आंब्याखाली आडव्या झाल्या तेव्हा सविता जरा बाजूला जाऊन बसली. तिनं फोन काढला, पेजवर गेली, आणि ‘पासवर्ड विसरलात?’ असं लिहिलं होतं तिथं अंगठा टेकवला. 

कोड आला. एरवी तो ओरडून सांगायचा असायचा. आज तो कुणाला सांगायचा नव्हता. तिनं ओठ न हलवता आकडे वाचले, एकेक दाबले. मग नवा पासवर्ड मागितला. तिला काही ठरवावं लागलं नाही. मनात कधीचं जे होतं तेच तिनं मुलांच्या शाळेपायी शिकलेल्या इंग्रजी अक्षरांत टाकलं. बाकीच्या फोनमधून बाहेर काढायचं का, असं विचारलं. तिनं हो म्हटलं.

मग ती आतले निरोप वाचत बसली, आणि तिथंच तिचं चुकलं. कुणीतरी स्नेहलला विचारलं होतं, ‘तुम्ही स्वतः शेतात राबता का हो?’ स्नेहलनं लिहिलं होतं, ‘मी बघते सगळं. कामाला आमच्याकडे बाया आहेत.’

सवितानं ते परत परत वाचलं. बाया. लावणीत पंधरवडाभर पाण्यात राहून नखं कुजली होती ती या बाईची.

“उठा गं,” रतननं हाक दिली. सविता उठली. त्या दुपारी तिचा विळा असा चालला की रतन म्हणाली, “आज काय अंगात आलंय का हिच्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल अनवाणी बांधावर पळत आली. या खाचरात ती चपलेशिवाय कधी आली नव्हती. “ताई, पेज उघडत नाहीये! कोड मागवलाय, बघा ना आला का?”

सविताच्या कनवटीला फोन थरथरला. तिनं सावकाश हात पुसले, सावकाश पिशवी सोडली. कोड समोर होता, स्वच्छ, ठळक.

“न्हाई आला.”

“परत मागवते. आता?”

परत थरथरला.

“न्हाई आला गं.”

स्नेहलचं तोंड उतरलं. तिच्या कपाळावर घाम आला होता, केस विस्कटले होते. त्या फोटोतली बाई ही नव्हेच. सविताला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, लय बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं झालं.

“म्हणजे चोरानं नंबरच बदलला असणार,” स्नेहल म्हणाली, आणि बांधावरच मटकन बसली.

मालकीण होणं मात्र सविताला वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. दिवाळी तोंडावर आलेली. नवा तांदूळ कधी येणार, असे निरोपावर निरोप येत होते. काही इंग्रजीत होते, ते तिनं सोडून दिले. एका पुण्याच्या बाईनं मराठीत विचारलं होतं. सवितानं धीर करून बोट दाबून बोलून पाठवलं, “भात कापायचं चाललंय आजून. झोडून, उन्हं दिऊन मंग गिरणीत न्यायचं. दम धरा जरा.”

उत्तर लगेच आलं. ‘तुम्ही कोण? स्नेहलताईंना द्या ना. तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का?’

सवितानं फोन पिशवीत कोंबला आणि विळा घेतला. तिला वाटलं होतं, पेज हातात आलं की माणसं पण येतील. पेज आलं, आणि माणसं स्नेहललाच शोधत होती. आता ती आधीपेक्षा जास्त जळायला लागली.

इकडं स्नेहलनं स्वतःशीच चोर शोधून काढला. रतननं नुकतंच स्वतःचं पेज काढलं होतं. तिच्या फोटोतही हिरवी साडी होती. कोड ओरडले जायचे तेव्हा रतन बांधापलीकडं असायचीच. स्नेहल तडक तिच्या दारात गेली, आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, “काकी, ऐकलेला कोड वापरून दुसऱ्याचं पेज घेणं याला चोरीच म्हणतात.”

रतन शेण कालवत होती. तिनं हात तसेच ठेवले. “काय म्हनलीस?”

“तुम्हाला कळलंय काय म्हटलं ते.”

दुसऱ्या दिवशी रतनच्या घरचा एकही विळा आला नाही. सावड मोडली. आभाळ भरून आलं होतं, सह्याद्रीच्या अंगानं काळं काळं होत चाललं होतं, आणि अर्धं भात कापून खाचरात पसरलेलं. भिजलं तर दाणा काळा पडणार, कोंब फुटणार. तो तांदूळ पेजवरच काय, उकिरड्यावरही कुणी घेणार नाही.

संदेशला बंगल्यावरून सुट्टी मिळेना, सत्यमची रात्रपाळी. नंदाबाईचे गुडघे धरलेले. राहिल्या दोघी जावा. स्नेहलनं साडी खोचली आणि विळा हातात घेतला. तिला मूठ धरता येत नव्हती. कापलेली मूठ ती सरळ न ठेवता कशीही टाकायची, मग पेंढी बांधताना ओंब्या उलट्यासुलट्या व्हायच्या. सविता मागून येऊन निमूटपणे सगळं नीट करायची. कंबर मोडायची वेळ आली होती. एका पेजपायी आपण किती विळे घालवले, हे तिला कळत होतं. सांगायला तोंड उघडायचं म्हटलं, की ‘कामाला बाया आहेत’ हे आठवायचं आणि तोंड मिटायचं.

दुपारपर्यंत स्नेहलनं बोट कापून घेतलं. रक्त थांबेना. सवितानं पदराची चिंधी फाडली आणि तिचं बोट घट्ट बांधलं.

“आवळू नको का गं? दुखतंय?”

“दुखू दे.” स्नेहल रडत होती, पण बोटापायी नाही. “ताई, या घरात माझं म्हणून तेवढंच होतं हो.”

“आसं का म्हनती? घरात सगळी तुलाच तर मानत्यात.”

“मला?” स्नेहल तिच्याकडं बघत राहिली. “बी कुठलं ठेवायचं, तुम्हाला विचारतात. कापणी कधी, तुम्हाला. आत्या मीठसुद्धा मला विचारून टाकत न्हाईत. तुमी खाचरात पाय ठेवला की सगळं कसं सरळ व्हतं. मला त्या मातीत उभं बी ऱ्हाता येत न्हाई. मी एकदा फोटो काढायला उतरले, तर आत्या म्हनल्या, रोपं तुडवू नगंस, सविताला काम करू दे.” रडताना तिचं सुदुंबऱ्याचं बोलणं बाहेर पडलं होतं, पेजवरचं कुठं गेलं ते तिलाच कळलं नाही.

 आपलाही कुणी हेवा करत असेल, हे सविताच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. तिला ते ऐकायला गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणून स्वतःची लाज वाटली. चिंधीची गाठ मारून ती एवढंच म्हणाली, “ऊठ. आभाळ वाट बगत न्हाई.”

तिथं सांगून टाकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण नाही सांगितलं.

आभाळानं मात्र दया केली. दोन सरी शिंतडून पाऊस डोंगरापलीकडं सरकला. पेंढ्या खळ्यावर आल्या, दोघींनी झोडल्या, आणि खळ्याच्या मध्यात भाताची रास उभी राहिली. वारा सुटला होता. सविता सुपानं उफणत होती, स्नेहल बांधलेल्या बोटानं केरसुणी मारून पाचोळा बाजूला करत होती, नंदाबाई पाय पसरून खडे वेचत होती. तेवढ्यात रतन खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिनं चपला बाहेर काढल्या.

“नंदामावशी, मी भांडायला आली न्हाई,” ती म्हणाली. “पर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई मला. गटातल्या बाया मी आली की फोन पालथा घालत्यात.”

नंदाबाईनं मान खाली घातली. रतन पुढं आली, वाकली, आणि रास हाताच्या पंज्यानं झाकली. “ही तुमच्या घरची रास हाय. हिच्यावर हात ठिवून सांगती, मी तुमच्या पेजला बोट लावलं आसंल तर माज्या कणगीला कीड लागू दे. झालं? आता तुमी बी ठिवा. सगळ्यांनी.”

“आमी कशाला?” नंदाबाई म्हणाली.

“का? माझाच हात स्वस्त हाय व्हय?”

 नंदाबाईनं सरकत येऊन हात ठेवला. स्नेहलनं ठेवला, चिंधीसकट. राहिली सविता. तिच्या हातात सूप होतं.

“ठिव की गं,” नंदाबाई म्हणाली.

सविताला देवाचं भय फारसं नव्हतं. देवळात कुणी शपथ घातली असती तर तिनं ती पचवली असती. पण या भाताचा राब तिनं भाजला होता, रोप तिनं उपटलं होतं, झोडलं तिनं. त्याला हात लावून खोटं बोलायचं म्हणजे आपल्याच पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलायचं. सूप तिनं खाली ठेवलं. हात काही पुढं होईना.

“म्या केलंय,” ती म्हणाली. “पेज माज्याकडं हाय.”

कुणाला पटकन कळलंच नाही. सगळ्यात आधी कळलं ते स्नेहलला. “कोड आला होता?”

“आलता.”

“दोन्ही वेळा?”

“व्हय.”

रतननं पदरानं तोंड पुसलं. “आन मी हितं चोर झाली,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि सविताला तेच सोसलं नाही. तिनं रतनसमोर हात जोडले. रतननं ते बघितले न बघितल्यासारखे केले.

स्नेहलनं स्वतःचा फोन काढला. बोलणं पुन्हा पेजवरचं झालं होतं. “पासवर्ड सांगा.”

“हे घे, माज्या फोनात तूच बग.”

“त्यात दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. सांगा.”

सवितानं तिघींकडं पाहिलं. मग पुटपुटली. “सविताचंभात.”

“काय?”

“सविताचं भात. सगळं जोडून. इंग्रजीत.”

“काय म्हनली?” नंदाबाईला कमी ऐकू यायचं.

“सविताचं भात, म्हनती!” रतननं मोठ्यानं सांगितलं. ते खळ्यावरून पार खालच्या घरापर्यंत गेलं असणार. सविता राशीकडं बघत राहिली. एवढी उघडी ती कधी पडली नव्हती.

स्नेहल एकेक अक्षर दाबत होती. जावेचं नाव तिनं पेजवर आजवर कधी लिहिलं नव्हतं. आज लिहावं लागलं. पेज उघडलं. तो हिरव्या साडीचा फोटो वर आला, मागं ती ओणवी बाई.

 नंदाबाई म्हणाली, “आगं, नाव पायजे हुतं तर मागायचंस.”

“मागून मिळालं आसतं?” सविता म्हणाली.

नंदाबाई परत खडे वेचायला लागली. स्नेहलनं मान वर केली, जावेकडं बघितलं. तिला काही म्हणायचं होतं असं वाटलं. सविता वाट बघत होती. आता तरी ही म्हणेल, की राहू दे हेच नाव, की पेजवर तुमचंही टाकते. एवढं झाल्यावरसुद्धा सविताच्या मनात ती आशा होती.

“हा पासवर्ड आता चालणार नाही,” स्नेहल म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलाय.”

ती वळली, खळ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि फोन छातीशी धरून काहीतरी लिहायला लागली. नंबरही बदलला असणार, कारण सविताच्या कनवटीला फोन थरथरला आणि गप्प झाला. सविताला जावेची फक्त पाठ दिसत होती.

“काय ठिवलास?” तिनं विचारलं.

“तो कुणाला सांगायचा नसतो, ताई.” स्नेहलच्या बोलण्यात राग नव्हता. “तुम्हीच शिकवलंत मला.”

रतननं न सांगता दुसरं सूप उचललं. वारा होता तोवर भात उफणून घ्यायला हवं होतं. सविताही उठली, भरलेलं सूप डोक्याच्या वर नेऊन हलवायला लागली. फोल उडत होतं, दाणे पायाशी पडत होते. त्या नव्या शब्दात आपलं नाव असेल का, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. नसणारच. पण नाहीच, हेसुद्धा आता तिला कधी कळणार नव्हतं.